पुकारा झाला, वादी गैरहजर

महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायालयांत प्रत्येक दाव्याच्या फाइलीला एक रोजनामा जोडलेला असतो. कोणत्या तारखेला काय घडले याची त्यात एकदोन ओळींत नोंद होते. समन्स बजावून परत आले, कैफियत दाखल झाली, साक्षीदार आला नाही, पुढची तारीख अमुक. अशी पानेच्या पाने उलटल्यावर कधी कधी एखाद्या तारखेपुढे लिहिलेले आढळते : 'पुकारा केला. वादी व त्यांचे वकील गैरहजर. प्रतिवादी हजर. दावा गैरहजेरीत काढून टाकला.' खाली न्यायाधीशांची सही, आणि त्यानंतर पान कोरे. जमीन कोणाची होती, खरे कोण बोलत होते, कागद अस्सल होता की बनावट, यांतल्या कशाचेही उत्तर त्या नोंदीत नसते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. ही म्हण पायरी चढणाऱ्यांसाठी आहे. जे अनेकदा चढले आणि एके दिवशी चढू शकले नाहीत, त्यांच्यासाठी मराठीत म्हण नाही. त्यांच्या गैरहजेरीचा इतिहास मात्र बराच जुना आहे.

मी बेंगळुरूला जे. पी. नगरमध्ये राहते आणि अनुवाद करते. कथा-कवितांचे अनुवाद आवडीचे; घरखर्चाला हातभार लावतात ती खरेदीखते, मृत्युपत्रे आणि न्यायालयाचे कागद. मराठी, कन्नड आणि इंग्रजी यांच्यामध्ये ही ने-आण करताना वरची नोंद मला निरनिराळ्या रूपांत भेटत आली आहे. कन्नडमध्ये ती 'दावे वजागोळिसलागिदे' अशी येते. दावे म्हणजे आपला दावाच, आणि वजा म्हणजे आपण पाटीवर बेरजेनंतर शिकलो तो वजा. हिंदी मुलखात हाच हुकूम 'अदम पैरवी में खारिज' असा लिहितात. फारसीत 'पै' म्हणजे पाऊल. पावलामागे पाऊल टाकत जाणे ती पैरवी, अदम म्हणजे नसणे, आणि खारिज म्हणजे बाहेर. इंग्रज वकील 'वाँट ऑफ प्रॉसिक्यूशन' म्हणतात. त्यातल्या 'प्रॉसिक्यूशन'च्या मुळाशी लॅटिनमधले 'मागोमाग जाणे' हेच क्रियापद आहे. दाव्याला इंग्रजीत 'सूट' म्हणतात, तो शब्दही त्याच मुळाचा. फारसी मुनशी आणि लॅटिन शिकलेला इंग्रज, दोघांनाही दावा म्हणजे ज्याच्या मागे चालत राहावे लागते अशी काही वस्तू वाटली होती. मराठीत आपण दावा चालवतो. चालवला नाही तर तो काढून टाकतात; तण, काटा किंवा घरगडी काढून टाकावा तसा.

'दावा' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ हाक असा आहे. वादी आधी न्यायालयाला हाक देतो. मग ठरल्या तारखेला न्यायालयाचा शिपाई दाराशी उभा राहून वादीच्या नावाचा पुकारा करतो. या दुसऱ्या हाकेला ओ आली नाही की पहिली हाक मिटते.

कायद्यात हे सारे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या नवव्या ऑर्डरीत मांडलेले आहे. दोन्ही पक्ष गैरहजर असतील तर न्यायालय दावा काढून टाकू शकते. पण मुदत शिल्लक असेल तर वादीला नवा दावा लावता येतो. वादी हजर आणि प्रतिवादी गैरहजर असेल तर दावा एकतर्फी चालतो. प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर असेल तर प्रतिवादीने स्वतः कबूल केलेला भाग सोडून बाकीचा दावा जातो, आणि त्याच कारणावर नवा दावा लावायला बंदी येते. वादीच्या हातात मग एकच मार्ग उरतो : दावा पुन्हा फाइलवर घ्यावा असा अर्ज करणे आणि न येण्याला पुरेसे कारण होते हे पटवणे. त्यासाठी १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने तीस दिवस दिले आहेत. त्यानंतर गेलात तर विलंब माफीचा आणखी एक अर्ज.

यात एक विचित्र गोष्ट आहे. वादीचे नुकसान किती होणार हे त्याच्या गैरहजेरीइतकेच समोरच्याच्या हजेरीवर ठरते. त्या सकाळी प्रतिवादीचीही बस चुकली असती तर वादी अधिक सुरक्षित राहिला असता.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. याच संहितेच्या दुसऱ्या कलमात हुकूमनामा कशाला म्हणावे याची व्याख्या आहे, आणि गैरहजेरीत दावा काढून टाकण्याचा हुकूम त्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळला आहे. म्हणजे कायद्याच्याच भाषेत तो हुकूमनामा ठरत नाही. वादाच्या गुणदोषांवर न्यायाधीश काही बोललेलेच नसतात. वादी हरलेला नसतो. गावात मात्र 'त्या हरल्या' असेच म्हणतात, आणि बहुतेक वेळा वादीलाही तसेच वाटते.

हा सगळा इंग्रजांनी आणलेला कोरडेपणा आहे, आपल्याकडे पूर्वी असे नव्हते, असे म्हणायचा मोह होतो. जुने ग्रंथ त्याला आधार देत नाहीत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तक्रार घेऊन आलेला आणि मग गप्प राहिलेला वादी शिक्षेला पात्र सांगितला आहे. प्रतिवादीला उत्तरासाठी तीन पंधरवड्यांची मुदत दिली आहे, ती ओलांडली की तो हरला. नारदाने 'हीन' पक्षकाराचे पाच प्रकार मोजले आहेत. बोलणे बदलणारा, पुराव्याला नाके मुरडणारा, हजर न राहणारा, निरुत्तर होणारा आणि पाचवा 'आहूतप्रपलायी', म्हणजे बोलावणे आल्यावर पळून जाणारा. आजच्या न्यायालयात बसणाऱ्या कोणालाही हे पाचही जण ओळखीचे वाटतील.

पण त्याच परंपरेत कात्यायनाचेही एक मत आहे. ठरलेली वेळ दैवामुळे किंवा राजामुळे चुकली असेल, तर केवळ वेळ चुकली म्हणून माणूस पराभूत मानू नये. पूर, आजारपण, स्वारी, सरकारी बोलावणे, हे सारे त्या दोन शब्दांत येते. कात्यायनाचा मूळ ग्रंथ हरवला आहे. नंतरच्या निबंधकारांनी उद्धृत केलेले त्याचे व्यवहारविषयक श्लोक ठिकठिकाणांहून वेचून पांडुरंग वामन काणे यांनी १९३३ मध्ये छापले. काणे हे स्वतः मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे गृहस्थ. धर्मशास्त्राच्या त्यांच्या प्रचंड इतिहासाचा व्यवहारावरचा तिसरा खंड १९४६ मध्ये आला. नवव्या ऑर्डरीतले 'पुरेसे कारण' आणि कात्यायनाचे दैव-राज हे एकाच प्रश्नाचे दोन पाठ आहेत, हे काण्यांसारख्या माणसाला सांगावे लागले नसते. प्रश्न असा : आला नाही हे दिसतेच आहे; का आला नाही, हे विचारायचे की नाही?

शिवकाळात आणि पेशवाईत हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटत असे, किंवा सुटतच नसे. वतनाचा वाद गोतसभेत किंवा मजलसीत जाई. देशमुख, देशपांडे, पाटील, बलुतेदार जमत. दोन्ही पक्ष आधी 'राजीनामा' लिहून देत. आज या शब्दाने खुर्ची सोडतात. तेव्हा त्याचा अर्थ, होईल तो निवाडा मान्य करू, असा होता. मग जामीन, मग तकरीर म्हणजे जबानी, मग करिना म्हणजे घराण्याची आणि वादाची हकीकत. निवाड्याचा महजर होई. त्यावर हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या येत. शेतकऱ्याची निशाणी नांगर. हरलेला पक्ष 'यजितखत' लिहून देई, म्हणजे आपण हरलो हे स्वतःच्या नावाने कबूल करी. जो येत नसे त्याला आणायला माणूस पाठवत आणि त्या माणसाचा खर्च त्याच्याकडूनच वसूल करत. कागदपत्रांत या वसुलीला 'मसाला' म्हणतात.

या पद्धतीत निकालासाठी हरणाऱ्याचे तोंड समोर असणे गरजेचे होते. त्याने स्वतः हार लिहून द्यायची, तर तो तिथे हवाच. तो नसेल तर गाडे अडे. आणि निवाडा झाला तरी शेवट होत नसे. हरलेला दुसऱ्या गोताकडे जाई, वरच्या दरबारात जाई, राज्य बदलले की नव्या राजाकडे जाई. घराण्यांचे करिने वाचताना एकच वाद आजोबापासून नातवापर्यंत आणि एका शाहीतून दुसऱ्या शाहीत चालत आलेला दिसतो. मध्ये खून पडलेले असतात, वतन गहाण पडलेले असते, वाद मात्र धडधाकट असतो.

त्याचे टोकाचे उदाहरण पुण्याचे आहे. सर्वांत लांबलेला दावा म्हणून गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात एक नोंद अनेक वर्षे छापली जात होती. मालोजी थोरात यांनी १२०५ मध्ये मांडलेल्या दाव्याचा निकाल ७६१ वर्षांनी, २८ एप्रिल १९६६ रोजी पुण्यात त्यांचे वंशज बाळासाहेब पातळोजी थोरात यांच्या बाजूने लागला. वाद होता सार्वजनिक समारंभांत अध्यक्षपद कोणाचे आणि धार्मिक उत्सवांत अग्रमान कोणाचा, याचा. १२०५ मध्ये देवगिरीवर यादव होते. तेव्हापासून १९६६ पर्यंत इतकी राज्ये बदलली की एकाच न्यायालयात एकाच क्रमांकाचा दावा चालू राहणे शक्य नव्हते. मला त्यातून दिसते ते इतकेच, की मानपानाचा हक्क कोणीतरी प्रत्येक नव्या दाराशी नेऊन पुन्हा पुन्हा सांगत राहिले. विक्रमात हसण्यासारखे आहे. पण त्यामागचा समजही लक्षात घ्यावा : हक्क हा बोलला गेला नाही म्हणून मरत नाही.

मी राहते ते शहरही एकेकाळी अशाच एका वाटणीच्या वादात होते. शहाजीराजे १६६४ मध्ये वारले. बेंगळुरूसह दक्षिणेतली जहागीर धाकटे पुत्र व्यंकोजी यांच्याकडे राहिली. तेरा वर्षांनी, १६७७ च्या दक्षिण स्वारीत, शिवाजी महाराजांनी पित्याच्या दौलतीतला अर्धा वाटा मागितला. तिरुमलवाडीला भाऊ भेटले, बोलणी झाली, आणि एका रात्री व्यंकोजी कोल्लिडम नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. नारदाचा पाचवा प्रकार, तोही साक्षात भोसल्यांच्या घरात. पुढे लढाई झाली, पत्रे गेली, समेट झाला. त्या समेटात बेंगळुरू, होसकोटे आणि शिरे हे परगणे शिवाजी महाराजांनी भावजय दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिले, असे मराठी परंपरा सांगते. १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतले आणि मग ते म्हैसूरकडे गेले. वाटणीच्या वादात घरातल्या बाईच्या वाट्याला चोळीबांगडी येते, ही रीत मात्र शहर हातचे गेल्यावरही राहिली. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत बहिणीला साडीचोळी देतात आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतात.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात पंचायतीच्या न्यायाची त्यांनी कदर केली, तिची मंदगतीही नोंदवली, आणि तगाद्याचे वर्णन केले : दारात बसून राहण्यापासून पहारा बसवून जेवण अडवण्यापर्यंत. पंचायत टिकवावी असे त्यांना वाटत होते. ती टिकली नाही. मुंबई इलाख्यात १८२७ ची रेग्युलेशने आली, १८५९ मध्ये पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता आली आणि त्याच वर्षी मुदतीचा कायदाही आला. दोन्ही कायदे एकाच साली यावेत हे मला अर्थपूर्ण वाटते. न्यायालयाला आता घड्याळ आणि हजेरीपट मिळाला होता.

बदल खोल होता. पूर्वी गैरहजर माणसामुळे निकाल अडत होता. आता त्याच्या गैरहजेरीनेच प्रकरण संपू लागले. यजितखताची गरज उरली नाही. न येणे हेच वादीचे हार लिहून देणे ठरले. यात फायदाही होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. ज्याच्यावर खोटा दावा लावला आहे आणि लावणारा फिरकतच नाही, अशा माणसाला ७६१ वर्षे टांगून ठेवणे हा अन्याय आहे. प्रतिवादीलाही आयुष्य असते. पण या नियमाने एक गोष्ट गृहीत धरली : येऊ इच्छिणारा प्रत्येक जण येऊ शकतो. वेळ, प्रवासखर्च, रजा, सोबत, वकिलाची फी आणि कोर्टाच्या आवारात उभे राहण्याची हिंमत सगळ्यांकडे सारखीच आहे.

हजेरीला काय लागते ते महाडच्या दाव्यात दिसते. चवदार तळ्यावरचा अस्पृश्यांचा हक्क रोखण्यासाठी सवर्णांनी १९२७ मध्ये महाडच्या न्यायालयात दावा लावला, त्यात डॉ. आंबेडकर प्रतिवादी होते. १४ डिसेंबर १९२७ ला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला, प्रतिवादींच्या बाजूने. जवळजवळ दहा वर्षे, तीन न्यायालये. या दहा वर्षांत गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला. दावाही चालत राहिला आणि प्रतिवादींची बाजू उभी राहिली. सत्याग्रहाच्या इतिहासात तळ्यावरची ओंजळ सगळ्यांना आठवते. दहा वर्षांच्या तारखा कोणाला आठवत नाहीत, आणि तळ्याचा हक्क कायद्याने ठरला तो त्या तारखांमधून. बाजू मांडायला बॅरिस्टर नसता, तर दावा एकतर्फी जायला एक सकाळ पुरली असती.

स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने नियमाची धार थोडी बोथट केली, आणि त्यात नागपूरहून गेलेल्या एका न्यायाधीशाचा मोठा हात आहे. व्हिव्हियन बोस नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, तिथून दिल्लीला गेले. १९५५ च्या संग्राम सिंग प्रकरणात एका तारखेला न आलेल्या पक्षकाराला पुढच्या तारखांनाही भाग घेऊ दिला गेला नव्हता. बोस यांनी लिहिले त्याचा आशय असा, की प्रक्रियेचे कायदे न्यायाला मदत करण्यासाठी असतात. माणसांना पाय अडकवून पाडण्यासाठी किंवा शिक्षा देण्यासाठी ते केलेले नाहीत. एका दिवशी न येणे म्हणजे त्या एका दिवसापुरते न येणे. लोकांच्या आयुष्याचे आणि मालमत्तेचे निर्णय शक्य तोवर त्यांच्या पाठीमागे होऊ नयेत.

१९८१ मध्ये रफीक विरुद्ध मुनशीलाल या प्रकरणात न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. वकील आला नाही म्हणून अपील गेले होते. देसाई यांनी म्हटले, की पक्षकाराने वकील निवडला, कागद दिले, फी भरली. आता तो खेड्यातला माणूस वकील कोर्टात उभा राहतो की नाही यावर पहारा ठेवत बसेल, अशी अपेक्षा कशी करायची? अपील पुन्हा फाइलवर गेले, आणि खर्चाचे २०० रुपये गैरहजर वकिलाकडून वसूल करायला सांगितले. जुन्या 'मसाल्या'ची ही नवी आवृत्ती म्हणायला हरकत नाही. १९९३ च्या सलील दत्ता प्रकरणात त्याच न्यायालयाने लगाम ओढला : ही सवलत सरसकट नाही; शहरातल्या कंपनीला वकिलाच्या आड लपता येणार नाही. म्हणजे कायदा आता गैरहजर राहणाऱ्याकडे पाहून ठरवतो, की हा कोण, कुठून येणार होता, याला काय काय जमण्यासारखे होते. कात्यायनाच्या प्रश्नाकडे आपण वळसा घालून परत आलो आहोत.

हे सगळे मी वाचत गेले त्याला कारण एक फाइल झाली. माझ्या आत्याने १९९८ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात भावांविरुद्ध वाटणीचा दावा लावला होता. लग्न होऊन ती सत्तरच्या दशकात बेंगळुरूला आली होती. वर्षातून तीनचार तारखा पडत. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मिरज, तिथून एसटी, दुपारपर्यंत कोर्टाबाहेरचा बाक, मग पुढची तारीख आणि परतीची गाडी. माहेरी उतरायची सोय दाव्याबरोबरच संपली होती. ज्यांच्या घरी उतरायचे तेच प्रतिवादी होते. गुडघे दुखू लागल्यावर फेऱ्या कमी झाल्या आणि ती पत्रांवर विसंबली. २००६ च्या रोजनाम्यात आधी वकिलाची पुरसिस आहे, 'पक्षकाराकडून सूचना नाहीत' अशी, आणि पुढच्या तारखेला ती ओळ : पुकारा केला, वादी गैरहजर. हे तिला कळले दोन वर्षांनी. पुरसिस हा शब्द फारसी 'पुर्सिश'वरून आला आहे. त्याचा अर्थ विचारपूस.

त्या फाइलीच्या तारखांशेजारी कायद्याच्या तारखा मांडल्या की जे दिसते ते एका घरापुरते राहत नाही. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा जन्मतः हक्क दिला, पण कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. आत्या वगळलेल्यांत होती. तिचा दावा वडिलांच्या हिश्शातल्या हिश्शापुरता होता. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने मालमत्तेच्या वादांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेल्या मुलींनाही जन्मतः हक्क दिला. जन्माने हक्क मिळतो हा सिद्धांत विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेचा. ती लिहिली गेली चालुक्यांच्या कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला. नऊशे वर्षे मुलांपुरता राहिलेला हा सिद्धांत मुलींपर्यंत पोहोचला, आणि पुढच्याच वर्षी आत्याचा दावा काढून टाकला गेला. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो. आत्या त्याआधी, २०१९ मध्ये गेली. तिचा हक्क वाढत गेला, फी माफ झाली, कायदा तिच्या बाजूला सरकत राहिला. तालुक्याचे कोर्ट होते तिथेच राहिले.

तिच्या मुलीला कन्नड आणि इंग्रजी वाचता येते, देवनागरी अडखळत. तिने फाइल माझ्याकडे दिली, मी रोजनामा इंग्रजीत केला. शेवटच्या ओळीवर ती थांबली आणि विचारले, "म्हणजे आई हरली होती ना?"

अनुवादक म्हणून मला या प्रश्नाचे नेमके उत्तर देता आले. नाही. या कागदावर हरल्याचे कुठेही लिहिलेले नाही, आणि कायदाही याला हुकूमनामा मानत नाही. शिवाय वाटणीच्या दाव्यांपुरते न्यायालयांनी एक गोष्ट पक्की केली आहे : मिळकत एकत्र आहे तोवर वाटणी मागण्याचे कारण रोज नव्याने जन्मते. म्हणून वाटणीचा दावा गैरहजेरीत गेला तरी, एकत्रपणा टिकून असेल तर, नवा दावा लावायला नवव्या ऑर्डरीची बंदी आड येत नाही. हक्क बोलला गेला नाही म्हणून मरत नाही, हा जुन्या करिन्यांमधला समज आजच्या कायद्याच्या या एका कोपऱ्यात अजून जिवंत आहे. वकिलाला दाखवण्यासाठी तिने आता सात-बाराचे उतारे मागवले आहेत. मधल्या काळात जमिनीचे काय झाले आहे ते उताऱ्यावरून दिसेल, आणि पुढचे त्यावर ठरेल.

आज प्रत्येक दाव्याला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो फोनवर टाकला की पुढची तारीख दिसते. २०२० नंतर दूरदृश्य पद्धतीने हजर राहण्याची सोयही पुष्कळ ठिकाणी झाली आहे. बेंगळुरूहून मिरजेची गाडी न धरता पुकाऱ्याला ओ देता येऊ लागली, तर 'हजर' या शब्दाचा अर्थ १८५९ नंतर पहिल्यांदाच बदलेल. पण क्रमांक माहीत हवा, फोन हाताळता यायला हवा, आणि दावा अजून चालू आहे हे घरातल्या कोणीतरी तिला सांगायला हवे. न्यायालयाच्या दृष्टीने गैरहजेरी ही एका ओळीची नोंद आहे, आणि कामाच्या ढिगात ती तशीच राहणार. त्या ओळीपुढे पान कोरे असते. 'का आल्या नाहीत?' हा प्रश्न लिहायला तिथे जागा आहे, आणि पुरेसे कारण विचारायची मुभा कायद्यानेच दिली आहे.